तेविसावा पापुद्रा

पंखा बंद. खिडकी बंद. शिवडेकर म्हणतात,
मॅडम, श्वास त्या बाजूला सोडा.
मी काचेवरून पातं ओढते
आणि पात्यामागून पातळ मधासारखं काही
पसरत येतं,
कडेशी घुटमळतं,
निवतं.

अर्धा कोलंबीचा, अर्धा वाळूचा.
(खरं तर वाळू शंभरात आठ,
पण आईला सांगताना अर्धा-अर्धा म्हणते.)

कोलंबी म्हणजे तिची टरफलं:
आम्लात धुऊन, क्षारात उकळून, दळून
पांढरट भुकटी होते, वास जातो.
ट्रॉम्ब्याला आमच्या दारातून
रोज पाटीभर टरफलं कावळ्यांना जातात
आणि माटुंग्याच्या लॅबमध्ये डबा येतो कोचीनहून,
पाचशे ग्रॅम, पावतीसकट.
ती भुकटी व्हिनेगरसारख्या पाण्यात रात्रभर ढवळायची,
मग वाळूच्या कुळातलं एक द्रव्य
थेंब थेंब सोडायचं.
घाई केली की गुठळ्या.

काम एवढंच:
औषध कारखान्याच्या वापरलेल्या अल्कोहोलात
पाणी शिरलंय, ते बाहेर काढायचं.
उकळून बघा. ऐंशी अंशांवर
दोघं एकाच वाफेत बसून निघतात.
शेवटचं बारा टक्के पाणी
काही केल्या उठत नाही.

पापुद्र्याला पाणी आवडावं लागतं.
आवडतं म्हणून तो ते अंगात घेतो,
अंगातून जाऊ देतो,
पलीकडच्या निर्वातात सोडून मोकळा होतो.
अल्कोहोल उंबऱ्यावर उभं राहतं.

पण नुसत्या कोलंबीचा केला
तर पाण्याची एवढी माया की फुगतो,
सैल पडतो,
मग कुणालाच नाही म्हणत नाही.
पहिले नऊ असे गेले.
म्हणून वाळू. ती त्याला आतून धरून ठेवते.
जास्त घातली तर तडकतो:
दहा ते सोळा.
सतरावा देखणा होता, त्याच्यावर माशी बसली.
अठरा, एकोणीस दिव्यासमोर धरले
तर एकेक छिद्र,
टाचणीला लाज वाटावी एवढं.
विसावा माझ्याच नखानं.
एकविसाव्याबद्दल शिवडेकर बोलत नाहीत,
मीही विचारत नाही.
बाविसावा वाळलाच नाही. या शहरात
वहीचं पानसुद्धा बोटाला चिकटतं,
मिठाच्या बरणीत तांदूळ टाकावे लागतात,
आणि आम्ही निघालोय
पाणी वेगळं करायला.

तेविसावा अठरा मायक्रॉनचा.
माझा एक केस त्याच्यापुढे दोरखंड.
पोलादी कड्यात बसवला, बोल्ट आवळले,
पंप लावला. नळी नायट्रोजनच्या धुरात बुडवली.
रात्रभर पंप बडबडत होता,
शिवडेकर स्टुलावर बसून
तोंड उघडं टाकून झोपले होते.
पहाटे नळीच्या तळाशी
पांढरं, भुरभुरीत, सहा ग्रॅम.
वितळू दिलं. तपासलं.
शंभरात सत्त्याण्णव पाणी.
दुसऱ्यांदा तपासलं.

सरांनी विचारलं, वरच्या अल्कोहोलाची शुद्धता?
कारखान्याच्या माणसानं विचारलं,
तासाला किती लिटर होईल, आणि किती दिवस टिकेल?
भावानं विचारलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी आई कोयत्याखाली बोंबील चिरत होती.
हात न थांबवता सगळं ऐकलं तिनं,
कोलंबीपाशी एकदा हसली.
मग म्हणाली, आन् पान्याचा काय केलास?

कुठलं पाणी?

सारी रात जागून काढलास, ता.

चमचाभर होतं आई.

व्हता ना?

मी सांगितलं, सिंकमध्ये ओतलं.
ती काही बोलली नाही.
पहाटे चारला येणाऱ्या नळासाठी
पिंपाचं झाकण काढून ठेवलेलं होतं,
ते उठून तिनं नीट केलं,
पुन्हा बोंबलाकडे वळली.

आज चोविसावा करायचाय, यापेक्षा मोठा.
वहीत तेविसाच्या ओळीपुढे
शिवडेकरांच्या अक्षरात लिहिलंय:
पाणी, ६ ग्रॅम, टाकले.
मी पेन घेऊन बराच वेळ
त्या शेवटच्या शब्दाशी बसले.
मग म्हटलं, शिवडेकर,
पंखा बंद करा.